चौदाच्या वीस

२ जानेवारी १९८४, सोम.

ह्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणले. छातीचा झटका येऊन दोन महिने झाले. आता अंथरूण सोडा, बेताचा व्यायाम सुरू करा म्हणाल्या. कागदावर लिहून दिले. हा कागद घरात टिकायचा नाही हे ठाऊक, म्हणून दवाखान्याच्या बाकावरच इथे उतरवून घेतला. पहिला आठवडा सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालणे. मग पंधरा, मग वीस. मध्ये दुखण्याने खंड पडला तर पुन्हा पहिल्या आठवड्यापासून. जेवल्याबरोबर नाही. चालताना बोलता आले पाहिजे, वाक्य मध्येच तुटले तर वेग जास्त झाला समजावे. श्वास कोंडून काही करायचे नाही. छाती आवळली किंवा गार घाम फुटला तर जागीच थांबून गोळी जिभेखाली. जोर, बैठका, मुद्गल बंद.

हे म्हणाले, "बंद म्हणजे किती दिवस?"

"दफेदार्रे, बंद म्हणजे बंद."

मग माझ्याकडे वळून, "अम्मा, तुमची साखर काय कमी आहे? तुम्हीपण चाला. दोघं मिळून चाला."

दोघं मिळून. सदतीस वर्षे झाली लग्नाला, मी चार पावले मागून चालते.

हे आजारी होते त्या दोन महिन्यांत पंचांगावर एकही फुली नाही. लिहू नये, चामुंडी क्षमा करो, पण हे दोन महिने घरात किती

३ जाने., मंगळ.

सकाळी चाललो. आपल्याच गल्लीतून मंडीच्या कोपऱ्यापर्यंत आणि परत. दहा मिनिटे पुरी झाली नाहीत. नारळवाला ओरडला, "एन् दफेदार्रे, वॉकिंगा? बाळंतीण झाल्यासारखे चाललात!" सगळे हसले. हेपण हसले. तेव्हाच मला कळले.

घरी आल्यावर ह्यांनी कागद फाडला. मी तुकडे गोळा करायला वाकले तर पितळी लोटा आला. डाव्या भुवईच्या वर. रक्त थांबायला हळद दोनदा लावली.

माझी लेक विमल शाळेत मास्तरीण, तिने घरी आल्यावर पाहिले. पंचांग काढून तिनेच फुली मारली. या वर्षाची पहिली. तेहतीस वर्षांची झाली ती, लहानपणापासून फुल्या बघतेय.

५ जाने., गुरु.

हे पहाटे उठून गरडीत गेले. ही आमच्या गल्लीतलीच तालीम, चार पिढ्या ह्यांच्या घरातल्या पुरुषांनी तिथली लाल माती अंगाला लावली. पूर्वज राजाच्या पलटणीत होते तेव्हापासून. तरुणपणी ह्यांनी दसऱ्याची कुस्ती मारलेली, ती पगडी अजून पेटीत आहे.

उस्तादाने हौद्यात उतरू दिले नाही. वयाने लहान, पण म्हणाला म्हणे, "तुम्ही आता कट्ट्यावर बसून पोरांना सांगा. माती बेडा." नको म्हणाला.

परत आले ते दफेदारीचा पट्टा खुंटीवरून काढूनच. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून तो पट्टा फक्त माझ्यासाठी आहे. पितळी बिल्ला पाठीवर तीनदा उमटला. तोंडात पदर धरला होता, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. "तूच त्याला सांगून आलीस! तूच!" मी गरडीच्या दारातसुद्धा जात नाही, बायकांना बंदी आहे.

मारून झाल्यावर धापा टाकत खाली बसले. वाक्य तुटत होते. डॉक्टरीणबाईंच्या हिशेबाने वेग जास्त झाला होता.

फुली.

७ जाने., शनि.

आता परसात सुरू केले. विहिरीजवळची जागा सारवून घेतली, मारुतीचा फोटो पेरूच्या झाडाला टांगला. मला म्हणाले, "बस. मोज."

ह्यांच्या घरात रीत अशी, व्यायाम करणाऱ्याने स्वतः कधी मोजायचे नाही. आकडा स्वतःच्या तोंडून निघाला की अंगातले बळ आकड्याबरोबर बाहेर जाते. आधी सासरे मोजायचे, मग भावजी, मग गरडीतली पोरे. पहिल्याला एक म्हणायचे नाही, लाभ म्हणायचे. वीस झाल्या की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. एक चिंचोका म्हणजे एक विसा. मारुतीसमोर खोटे मोजणाऱ्याचा हात झडतो असे सासरे सांगत.

ह्यांनी डोळे मिटले, बैठका सुरू. लाभ, दोन, तीन. दहाव्याला मानेच्या शिरा वर आल्या. अकराव्याला ओठ जांभळे दिसले. मी अकरा म्हटले आणि पुढच्याला अठरा म्हटले. मग एकोणीस. वीस. कसे झाले माहीत नाही. तोंडातून गेले.

चिंचोका सरकवला. "पडला हो खाली, शोधते," म्हणून थोडा वेळ काढला. तेवढ्यात ह्यांचा श्वास खाली आला.

दुसऱ्या विसालाही तेच. चाळीस सांगितल्या, काढल्या अठ्ठावीसच. ह्यांना पत्ता नाही. म्हणाले, "अजून आहे अंगात, बघ."

पाठीवर बिल्ल्याचे वळ आहेत. झोपताना कुशीवर झोपते. आणि मी ह्यांचा जीव वाचवायला देवासमोर खोटे बोलले. का? विधवा व्हायची भीती का? सवय का?

९ जाने., सोम.

प्रायश्चित्त ठरवले. चोरलेल्या एकेका बैठकीमागे एकवीस पावले नाम घेत चालायचे. डॉक्टरीणबाईंचा हुकूमही त्यात बसतो. वेगळा वेळ काढायला नको.

ह्यांची आंघोळ-पूजा चालते तेवढ्यात निघते. आज पंचवीस चोरल्या होत्या, पाचशे पंचवीस पावले. दगडी बाजारापर्यंत जाऊन आले. गुडघे कुरकुरले. नाम मोठ्याने घेतले की कळते, श्वास अडला की नाम अडते. मग हळू. हा नियम बरा आहे, घड्याळ लागत नाही.

लोक बघतात. बाईमाणूस, हातात पिशवी नाही, तांब्या नाही, आणि चाललीय. उद्यापासून पिशवी घेऊन निघावे.

१३ जाने., शुक्र.

मूर्खपणा. नाम घ्यायचे तर चामडे पायात कसे, म्हणून अनवाणी चालत होते. काल रात्री विमल म्हणाली, "आई, फरशीवर रक्त कुठलं?" तळव्यात काचेचा तुकडा. केव्हा घुसला कळलेच नाही. दुखलेच नाही.

डॉक्टरीणबाई ओरडल्या. "साखरेच्या माणसाने अनवाणी? पाय कापून टाकावा लागेल, गोत्ता? कळतंय का?" भुवईकडे बघून विचारले, "आणि हे?" म्हटले, बाथरूममध्ये पडले. त्यांनी माझ्याकडे बघितले. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे.

विमलने शाळेच्या ड्रिलचे तिचे जुने कॅनव्हासचे बूट दिले. कॅनव्हास म्हणजे कापूस, तळ रबराचा म्हणजे झाडाचा चीक. चामडे कुठेच नाही. देवाला हरकत नसावी. नऊवारीखाली पांढरे बूट. विमल हसून हसून भिंतीला टेकली. किती दिवसांनी.

संक्रांत.

एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इथला तिळगूळ, वाटून झाले. ह्यांचा मूड चांगला. आलेल्या प्रत्येकाला सांगतात, "सहा विसा काढतो रोज. झटक्यानंतर! डॉक्टरला काय कळतं?" एकशेवीस म्हणजे. खऱ्या साठेक असतील. विसाला आता दहाच काढून घेते.

आणि चिंचोके मुद्दाम सांडते. हे म्हणतात, "हात कापतात तुझे. म्हातारी झालीस." हो म्हणते.

बूट बरे आहेत. पंधरा मिनिटे चालते, टाच दुखत नाही.

१९ जाने., गुरु.

डॉक्टरीणबाईंनी ह्यांना तपासले. कानाला नळ्या लावून बराच वेळ ऐकले. "व्हेरी गुड दफेदार्रे. प्रेशर छान, नाडी छान. काय करताय?"

हे फुशारून, "चालतो."

"जे करताय तेवढंच करा. वाढवू नका. तुमच्या हृदयाला हेच झेपतं."

तर मी चोरून दिलेला व्यायाम बरोबर निघाला. मॅट्रिकला गणितात चांगले गुण होते, ते इथे कामी आले.

माझी साखरही पाहिली. निळ्या औषधात लघवी तापवून रंग बघतात ना, विटकरी येत असे. आज नळीत हिरवट पिवळा आला. "अम्मा, साकु, एवढं पुरे! असंच चालत राहा." इतका आनंद झाला की बसस्टँडवर उगाच हसले.

येताना बसमध्ये ह्यांनी कोपराने बरगडीत मारले. "त्या बाईसमोर दात काय काढत होतीस?" छोटीच गोष्ट. फुली मारू की नको. मारली.

२१ जाने., शनि.

वाईट झाले.

रथसप्तमीला गरडीत रीत आहे, गल्लीतल्या सर्वांत मोठ्या पैलवानाने सूर्य उगवताना मारुतीसमोर वीस विसा बैठका काढायच्या. चारशे. दोन वर्षे कुणी काढल्या नाहीत, म्हातारे राहिले नाहीत. हे आज गरडीच्या दारात जाऊन सगळ्या पोरांसमोर बोलले, "मी काढतो. बारा विसा तर रोजच्या चालल्यात माझ्या घरी. विचारा हिला."

उस्ताद म्हणाला असेल नको. ऐकतात कुठे. टाळ्या वाजल्या म्हणे.

बारा विसा मी सांगते. दोनशे चाळीस. विसाला आठ निघतात आता, म्हणजे खऱ्या शहाण्णव. शहाण्णववर ह्यांचे पाय थरथरतात. तिथे उस्ताद मोजणार, तो एक सोडायचा नाही. आणि हे थांबायचे नाहीत, मातीत पडतील पण थांबायचे नाहीत.

मी वाचवायला चोरले आणि त्या चोरीवर हे मरायला निघाले.

एकशे चव्वेचाळीस चोरलेल्या. तीन हजार चोवीस पावले. आज कुक्करहळ्ळीच्या तळ्याच्या वाटेपर्यंत गेले. पावले मोजण्यातच नाम विसरले.

२४ जाने., मंगळ.

विमलचे मनगट मोडले.

जेवताना हे सांगत होते, चारशे काही जड नाही. माझ्या मोजणीचे विमलला ठाऊक आहे, ती बोलून गेली, "आप्पा, आईला नीट विचारा आधी किती होतात ते." मी डोळ्यांनी खूण केली तोपर्यंत उशीर झाला. "म्हणजे काय?" ताटावरून उठून ह्यांनी तिचा हात धरला. लिहायचा उजवा. कुस्तीतला पेच असतो तो, मनगट उलटे फिरवून खाली दाबायचे. सुकी काटकी मोडल्याचा आवाज आला. तिचा आवाज नंतर आला.

मी मध्ये पडले. गळ्याला धरून मला चुलीवर ढकलले. सांबाराचे पातेले उलटले, पाय भाजला, बुटामुळे थोडक्यात वाचला. बूट घालूनच वाढत होते, चालून आले होते नुकतीच.

दवाखान्यात विमल म्हणाली, शाळेच्या पायऱ्यांवरून पडले. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या ते थांबल्या. "तुमच्या घरात सगळेच पडता का हो?"

मी पैसे मोजून टेबलावर ठेवले.

घरी येऊन पेटी उघडून बसली होती विमल. एका हाताने साड्या घड्या करत. म्हटले, कुठे? "माहीत नाही. तू येत असशील तर सांग." म्हटले, रथसप्तमी होऊ दे. ती म्हणाली, "हो. होऊ दे. तू त्यांना काही सांगू नकोस. फक्त गप्प बस आई. आयुष्यभर बसलीस तशीच, आणखी पंधरा दिवस."

२५ जाने., बुध.

हे लिहावे की नाही. वहीशी खोटे बोलले नाही आजवर, देवाशी बोलले.

आज नेहमीसारखे बसले. लाभ म्हटले. आज एकही चोरली नाही. चिंचोका सांडला नाही. पहिल्या विसाला पुऱ्या वीस. दुसऱ्याला वीस. पुढे, तिसऱ्या विसापासून, उलटी चोरी केली. अकरा म्हटले, पुढच्याला पुन्हा अकरा. चौदा, चौदा, चौदा. हे डोळे मिटून खालीवर, खालीवर. मला विमलचे मनगट ऐकू येत होते. एका कानाने तर मला ऐकूच येत नाही, हा डावा कान, विमल पोटात असताना ह्यांनीच फोडला. ज्या कानाने ऐकू येते त्यात तो काटकीचा आवाज.

सहाव्या विसाला ह्यांचे तोंड राखेसारखे झाले. घाम हनुवटीवरून. हात छातीशी गेला, डोळे उघडले, खाली बसले. गोळीची बाटली माझ्या कनवटीला होती. काढली. गोळी मुठीत घेतली.

मी मोजतच होते. हे बसले होते आणि मी मोजत होते. सतरा. अठरा.

मूठ उघडायला किती आकडे लागले ते लिहीत नाही.

गोळी जिभेखाली घातली, पाठ चोळली. हे थोड्या वेळाने म्हणाले, "वायू झाला. कालचं वांगं." मग म्हणाले, "किती झाल्या?" म्हटले, सहा विसा. "आज जड का गेल्या?" थंडी आहे म्हटले.

मी सावित्री नाही आणि चामुंडीही नाही. मुठीत गोळी धरून उभी राहिलेली बाई आहे. तेही लिहून ठेवते.

२८ जाने., शनि.

पुन्हा विसाला आठ. चालू. हे खूष.

आज ठरवून गरडीच्या दारापर्यंत गेले, उंबऱ्याबाहेर उभी राहिले. उस्ताद बाहेर आला, हात जोडले. "काय अम्मा, इथे?"

सगळे सांगितले. चौदाच्या वीस, आठाच्या वीस. तो डोक्याला हात लावून पायरीवर बसला.

"अय्यो अम्मा. हे काय करून ठेवलंत."

म्हटले, तुम्हीही तसेच मोजा त्या दिवशी. चारशेला दीडशे.

"पन्नास लोक मनात मोजत असतात तिथे. आणि मारुतीसमोर माझ्या तोंडून खोटं येणार नाही. मी पाच विसांवर हात आडवा धरीन, थांबा म्हणीन. ते थांबतील?"

म्हटले, नाही थांबायचे.

"त्यांना सांगा अम्मा. तुम्हीच सांगा."

"सांगितलं तर मारतील."

तो खाली मातीकडे बघत राहिला. गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊकच आहे म्हणजे. पदर तोंडात धरायचा तो सुम्ने, उगाचच.

२ फेब्रु., गुरु.

विमल म्हणते सांगू नकोस. रोज म्हणते. प्लॅस्टरवर मुले सह्या करून देतात तिला, फुले काढतात, आणि ती घरी येऊन म्हणते, "सांगू नकोस."

तिचे चुकते असे म्हणवत नाही. पण तिने मूठ पाहिली नाही. मी पाहिली. गप्प बसले तर ती मूठ पुन्हा मिटली असेच होईल, फक्त या वेळी मी तिथे असणार नाही.

आज तीस मिनिटे चालले. तळ्यापर्यंत. नाम एकदाही अडले नाही. पायांत ताकद आलीय, पिंढऱ्या दाबून पाहिल्या तर दगड. पंचावन्नाव्या वर्षी. हसू आले. कुणाला दाखवणार.

५ फेब्रु., रवि.

सांगितले.

दुपारी मुद्गलांना तेल लावत होते तेव्हा. समोर उभी राहून सांगितले, बसून नाही. अहो, बारा विसा होत नाहीत तुमच्या. शहाण्णव होतात. मी आकडे गाळत आले पहिल्या दिवसापासून.

आधी हसले. मग म्हणाले, "तू मला कमी दाखवतेस. उस्तादाने शिकवलं."

म्हटले, तुम्हीच मोजून बघा उद्या.

ते मात्र नाही. स्वतः मोजणार नाहीत. मेले तरी नाही. "आमच्या घरात कुणी स्वतः मोजलं नाही." म्हणजे खरे काय ते कळायची वाटच नाही. मला हे आधी सुचायला हवे होते.

मग चेहरा बदलला. "चोरल्यास? मारुतीसमोर? किती चोरल्यास?"

रोजच्या एकशे चव्वेचाळीस म्हटले.

"मग काढ. जेवढ्या चोरल्यास तेवढ्या काढ. मी मोजतो." पट्टा हातात. परसात नेऊन उभे केले, झाडाखाली.

लाभ, म्हणाले. मी बसले, उठले. गुडघा आत जळला. दोन. मला बैठक येत नाही, कधी काढलीच नाही, विहिरीचा कठडा धरायला गेले तर हातावर पट्टा. "न धरता." पाच. सहा. सातनंतर पुन्हा सात. पुन्हा सात. माझीच युक्ती ह्यांना सुचली. मी मनात खरे मोजत होते, मी स्वतः मोजते, माझ्या माहेरी तसली रीत नाही. नाम घेत होते मोठ्याने. नाम अडले की थांबायचे हा माझा नियम, आणि पट्टा म्हणतो थांबायचे नाही. पट्टा पोटरीवर बसायचा, त्या दगड झालेल्या पोटरीवर.

ह्यांचे तेवीस झाले तेव्हा माझ्या खऱ्या एकतीस झाल्या होत्या. तिथे पडले.

विमल परसदारात. डाव्या हातात मुद्गल. तेलाने चमकत होते. ह्यांची पाठ तिच्याकडे. तिने वर उचलले, एका हाताने, एवढे जड. मी खालून बघत होते. मान हलवली. नाही. किती वेळ तसेच धरले तिने. मग हळूच जमिनीवर ठेवले. ह्यांनी वळून पाहिलेदेखील नाही. ह्यांना कळलेच नाही की त्या मुठीनंतर आज दुसऱ्यांदा मी

पट्टा खुंटीला लावला. म्हणाले, "बाकी रथसप्तमीनंतर. गरडीतून आलो की."

७ फेब्रु., मंगळ.

उठता येत नव्हते काल. आज भिंत धरून न्हाणीपर्यंत. गुडघा सुजलाय, पण मोडला नाही. डॉक्टरीणबाईंकडे गेले नाही, कुठे पडले ते सांगायला आणखी जागा उरली नाही.

पाच मिनिटे अंगणात चालले. कमी तर कमी. दुखण्यातून उठल्यावर पुन्हा पहिल्या आठवड्यापासून धरायचे असे कागदात होतेच.

ह्यांना पुन्हा सांगितले, सकाळी, देव्हाऱ्यासमोर. देवाची शपथ घालून. म्हणाले, "तुझ्या शपथेची किंमत काय, चोर आहेस तू."

उस्तादाला विमलच्या हाती निरोप. सांगितले, ऐकत नाहीत. गोळीची बाटली पाठवली, जवळ ठेवा, ओठ जांभळे झाले की लगेच, थांबू नका. त्याने घेतली.

विमलने विचारले, "एवढं का करतेस त्यांच्यासाठी?"

म्हटले, त्यांच्यासाठी नाही.

रथसप्तमी.

तळ्याच्या बांधावर दगडी बाकावर बसून लिहितेय. वही पिशवीत घालून निघाले. विमलच्या पिशवीत दोघींच्या चार साड्या आहेत, मी विचारले नाही, तिने सांगितले नाही.

हे अंधारातच गेले. नवा लंगोट, अंगाला तेल. मी दार धरून उभी होते. तिसऱ्यांदा सांगितले, अहो, शहाण्णव. माझ्या कानशिलात मारली, पण सवयीची, जोर नव्हता. वळून गेले. चालताना खांदे सरळ होते. एवढे मात्र म्हणेन, चालणे सुंदर आहे ह्यांचे.

सूर्य बाभळीच्या वर आला. वीस विसा काढायला किती वेळ लागतो मला माहीत नाही, कधी पुऱ्या मोजल्याच नाहीत. आता संपल्या असतील. किंवा उस्तादाने हात आडवा धरला असेल. ऐकले असेल, नसेल. चारशे काढून हे उभे राहिले असतील, हार घालून घरी येतील, पट्टा काढतील आणि माझी बाकी मागतील. किंवा गरडीतले पोर धावत आमच्या दारात आले असेल. दाराला कुलूप आहे.

दोन्हीतले कुठले झाले ते इथून ऐकू येत नाही. उजवा कान त्या बाजूला करून पाहिला. पाणकोंबड्या फक्त.

गुडघा दुखतो, सोसण्याएवढा. बेताने आले, दोनदा बसून. आज उस्ताद मोजतोय, मी काही चोरलेले नाही. एकही पाऊल देणे लागत नाही. तरी बूट घातले.

विमल म्हणते, "आई, इथूनच परत वळतेस ना रोज?"

हो म्हटले.

"मग?"

नाम म्हणून पाहिले, मोठ्याने, पुरे. कुठे तुटले नाही. म्हटले, चल, अजून होईल.